हेक्टरबद्दलही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

ग्रीक पुराणकथांवर काही छापून आलं की झ्यूस, हर्क्युलिस, मेड्युसा एवढीच नावं असतात, ट्रॉयच्या राजपुत्राला, हेक्टरला पण जागा द्या ना. ग्रीक आणि ट्रॉय यांच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य इलियड, त्याच्या सहाव्या सर्गात तो लढाईला परत निघताना बायकोला भेटतो, अँड्रोमाकी रडतेय, आणि तान्हं पोर बापाच्या हेल्मेटवरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून घाबरतं न दाईला बिलगतं, तेव्हा आईबाप दोघं हसतात आणि तो हेल्मेट काढून जमिनीवर ठेवतो, मग पोराला उचलून घेतो. बास, एवढंच. अडीच हजार वर्षांहून जुनं आहे हे, पण माझ्या डोळ्यात अजून पाणी येतं. पुढे ग्रीक योद्धा अकिलीस त्याला मारतो, प्रेत रथाला बांधून फरफटवतो, आणि म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तळावर जाऊन ज्या हातांनी मुलाला मारलं त्याच हातांचं चुंबन घेऊन प्रेत मागतो. दोघंही रडतात. ग्रीकांनी शत्रूचं दुःख असं गायलंय, काव्य संपतंही हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर, ज्याच्या पोटात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले त्या लाकडी घोड्यापर्यंत जातच नाही! मुलांच्या पुरवणीत तरी हे येऊ द्या.

आपला एक जुना वाचक