चित्रीकरणाच्या तारखा तिथी पाहून ठरवा

महोदय,

पदरच्या पैशाने चित्रपट काढायला कोकणात येणारे निर्माते कॅमेऱ्याच्या भाड्यात घासाघीस करतात, पण भरती-ओहोटी बघत नाहीत. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे इथला कोणताही मच्छीमार सांगेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी पुळण आक्रसते; पुनवेला त्याच सुमारास ओहोटी, ऐसपैस किनारा! भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. अर्धवट राहिलेला प्रसंग दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी घेतला तर पाण्याची रेघ जुळत नाही आणि अख्ख्या युनिटचा दिवस फुकट जातो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर भागत नाही. कळकळीने सांगतो, आधी त्या खात्याची परवानगी हातात घ्या, मगच कलाकारांना तारखा द्या.

– एक वाचक, मालवण