कोळसा संपलेल्या मुलखातील संग्रहालये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जर्मनीच्या सहलीविषयी आलेला लेख वाचला. कोलोनचे कॅथेड्रल, ऱ्हाइन नदीतील बोटीची फेरी आणि ब्लॅक फॉरेस्टमधील घड्याळे यांचे वर्णन रसाळ होते. मात्र एसेन, बोखुम, डॉर्टमुंड या शहरांच्या रूर प्रदेशाची बोळवण ‘जुन्या कारखान्यांचा भाग, पर्यटकांसाठी विशेष काही नाही’ अशा एका वाक्यात झालेली पाहून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भूमिगत कोळसा खाणींत मी एकतीस वर्षे नोकरी केली. सिरदार (खाणीखाली एका गटाच्या कामावर व सुरक्षेवर देखरेख करणारा) म्हणून लागलो आणि ओव्हरमन (त्याच्या वरचा पर्यवेक्षक) म्हणून निवृत्त झालो. मुलगी व जावई ड्युसेलडॉर्फला राहतात, त्यांच्याकडे सहा आठवडे मुक्काम होता. घरापासून आगगाडीने अर्ध्या तासावर एसेन असल्यामुळे मी रूरमधील संग्रहालये एकेक करून पाहिली आणि त्यांतील दोन पुन्हा जाऊन पाहिली. त्यामुळे ‘विशेष काही नाही’ हे विधान मला मान्य होण्यासारखे नाही.

या प्रदेशाचा व्याप आधी ध्यानात घ्यावा लागतो. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसे कामाला होती आणि त्यांतील बहुसंख्य या रूर भागात. पुढच्याच वर्षापासून स्वस्त तेल आणि बाहेरचा कोळसा यांच्यापुढे या खाणींचा टिकाव लागेना. खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील प्रोस्पर-हानिएल खाणीतून वर आणलेला शेवटचा कोळशाचा तुकडा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती देण्यात आला. म्हणजे हे सर्व घडायला साठ वर्षे लागली. एवढ्या काळात मोडीत काढता आले असते असे पुष्कळ काही तेथील लोकांनी मोडीत काढले नाही. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत राज्य सरकारच्या पुढाकाराने जुने कारखाने, भट्ट्या, राखेचे ढिगारे यांना नवे काम देण्याचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. आज सुमारे ४०० किलोमीटरचा एक ‘औद्योगिक संस्कृती मार्ग’ ही ठिकाणे एकमेकांना जोडतो.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले तर मी बोखुमचे नाव घेईन. तेथील जर्मन खाणकाम संग्रहालय १९३० मध्ये स्थापन झाले. त्याच्या माथ्यावरचा हिरवा लोखंडी सांगाडा, म्हणजे खाणीच्या तोंडावर माणसे व कोळसा वर-खाली करण्यासाठी उभारतात तो मनोरा, ७१ मीटर उंच आहे. तो मुळात डॉर्टमुंडच्या गेर्मानिया खाणीचा, १९७० च्या दशकात उचलून येथे आणून उभा केलेला. इमारतीखाली सुमारे वीस मीटर खोलीवर गॅलऱ्यांचे, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांचे, जाळे आहे. येथे खरी खाण कधीच नव्हती, सगळे मुद्दाम शिकवण्यासाठी खोदलेले आहे, हे कळल्यावर माझा थोडा हिरमोड झाला होता. तो पहिल्याच वळणावर गेला. लाकडी टेकूंपासून हायड्रॉलिक सपोर्टपर्यंत छत धरून ठेवण्याची प्रत्येक पिढीची रीत तेथे ओळीने उभी आहे, आणि छताखाली आयुष्य काढलेल्या माणसाला यापेक्षा महत्त्वाचा इतिहास दुसरा नसतो. सवयीने मी भिंतीपाशी थांबून छताकडे पाहिले. हातात काठी असती तर छत पक्के आहे का ते ठोकूनही पाहिले असते. आमच्या वर्धा खोऱ्यातले थर जाड आणि वरच्या वर, म्हणून आम्ही छताला आधार द्यायला कोळशाचेच पिलर (खांब) सोडून कोळसा काढला. तेथले थर मीटर-दोन मीटरचे आणि शेवटी शेवटी हजार मीटरच्याही खाली, म्हणून त्यांनी कोळशाची लांब भिंत सलग कापत जाणारी लाँगवॉल यंत्रे वापरून मागचे छत खाली येऊ दिले. हा फरक मी पुस्तकात वाचला होता. तो प्रत्यक्ष उभ्या यंत्रांत पाहण्याची गोष्ट वेगळी. तेथेच घोड्याचा तबेलाही आहे. खाणीखाली टब (कोळशाच्या छोट्या गाड्या) ओढणारे घोडे रूरमध्ये १९६६ पर्यंत होते. त्या वर्षी रेक्लिंगहाउझेनच्या खाणीतून टोबियास नावाचा घोडा वर आला आणि ती प्रथा संपली.

एसेनमधील त्सॉलफेराइन खाणीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल, कारण २००१ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिचा बारावा शाफ्ट (खाणीत उतरण्याची उभी विहीर) १९३२ मध्ये सुरू झाला. फ्रिट्स शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांनी त्याची आखणी केली होती, आणि दिवसाला १२,००० टन कोळसा वर काढण्याची त्याची क्षमता होती. २३ डिसेंबर १९८६ रोजी खाण बंद झाली. तिथल्या कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे. एका लांबलचक सरकत्या जिन्याने प्रेक्षकाला प्रथम २४ मीटर उंचीवर नेतात आणि मग एकेक मजला खाली उतरवतात. कारण सरळ आहे: कोळसाही पट्ट्यांवरून प्रथम वर नेला जाई, आणि चाळण्या व पाण्याची यंत्रे यांतून दगडापासून वेगळा होत होत खाली येई. आपण कोळशाच्याच वाटेने चाललो आहोत हे तेथे कोणी सांगत बसत नाही, पण यंत्रे जागच्या जागी ठेवल्यामुळे ते कळते. त्याच आवारात बॉयलरच्या घरात नॉर्मन फॉस्टर यांनी सजवलेले डिझाइनचे संग्रहालय आहे. जुन्या बॉयलरांच्या पोटात खुर्च्या, चहाच्या किटल्या आणि न्हाणीघरातले नळ मांडलेले पाहून माझी मुलगी हरखली. मला मात्र सारखे बॉयलरच दिसत राहिले. आवड ज्याची त्याची.

मात्र मला सर्वांत जवळचे वाटले ते डॉर्टमुंडचे त्सॉलर्न. ही खाण १८९८ ते १९०४ या काळात आदर्श खाण म्हणून बांधली गेली आणि १९६६ मध्ये बंद पडली. तिचे यंत्रघर १९६९ मध्ये पाडायला काढले होते. रंगीत काचांचे वळणदार प्रवेशद्वार आणि आतले संगमरवरी स्विचबोर्ड पाहिल्यावर ते पाडायला कोणाचे मन झाले असेल, असे वाटते. छायाचित्रकार आणि वास्तुतज्ज्ञांनी आवाज उठवला, आणि उद्योगाची इमारतही स्मारक असू शकते हा विचार जर्मनीत याच लढ्याने रुजवला. तथापि माझे पाय खिळले ते यंत्रघरात नव्हे, कामगारांच्या कपडे बदलण्याच्या दालनात. त्याला तेथे ‘काउए’ म्हणतात. आढ्यापासून साखळ्या लोंबतात, प्रत्येक साखळीला आकड्यांची (हुकांची) टोपली. पाळीवर जाताना घरचे कपडे आकड्यांना अडकवायचे, साखळी ओढून आढ्याला न्यायचे आणि खाली कुलूप लावायचे, घरी जाताना कामाचे कपडे तसेच टांगायचे; वरची गरम हवा ओले कपडे वाळवून ठेवी आणि खाली जागाही अडत नसे. आमच्याकडे पावसाळ्यात ओला गमबूट आणि ओली विजार पुन्हा दुसऱ्या दिवशी तशीच चढवावी लागे. एक साधी साखळी किती माणसांच्या अंगावरची खाज वाचवते, हे त्या दालनात उभे राहिल्यावर लक्षात आले. तिकडचे सगळेच काही चांगले होते असे नाही, पण हे चांगले होते.

त्या दिवशी आम्हांला माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः निवृत्त खाणकामगार होते. मीही भूमिगत खाणीतला, हे मुलीने त्यांना सांगताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला: किती खोल? मी म्हणालो, दोनशे मीटरच्या आत. ते हसले आणि बोटाने अकराशे असे लिहून दाखवले. मग मी विचारले, स्फोट घडवणारा वायू होता का? त्यांनी मान हलवली, हसणे थांबले. दोघांनाही दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण पुढचा अर्धा तास मुलीला दुभाषाचे काम फारसे पडले नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन ‘ग्ल्यूक आउफ’ म्हटले. खाणकामगार एकमेकांना भेटताना आणि खाली उतरताना हेच म्हणतात. नशीब उघडो आणि सुखरूप वर येवो, असा त्याचा भाव.

ही संग्रहालये केवळ पराक्रमाची गाथा गात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात रूरच्या खाणींत युद्धकैद्यांना आणि परदेशांतून आणलेल्या लोकांना सक्तीने राबवले गेले, त्याची नोंद तेथे आहे. १९४६ मध्ये बेर्गकामेन येथील ग्रिमबेर्ग खाणीतील स्फोटात ४०५ माणसे गेली. आपल्याकडच्या चासनाळा कोळसा खाणीतल्या भीषण दुर्घटनेची आठवण असलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो आकडा केवळ आकडा वाटत नाही. आणि खाणी बंद झाल्या तरी हिशेब संपलेला नाही. कोळसा काढल्यामुळे जमीन काही ठिकाणी २० मीटरहून अधिक खचली आहे. पंप थांबवले तर वस्त्यांचा मोठा भाग पाण्याखाली जाईल, म्हणून ते कायमचे चालू ठेवावे लागतात. त्यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले आणि या कामांना तेथे सरळ ‘अनंतकाळची कामे’ असेच नाव आहे. जमीन सतत खचत असल्यामुळे भुयारी गटारे घालता येत नव्हती, म्हणून एम्शर नदीच शंभर वर्षे उघडे गटार होऊन वाहत होती. ती पुन्हा नदी करण्याचे काम १९९२ मध्ये हाती घेतले गेले आणि सांडपाणी पूर्णपणे बाहेर काढायला २०२१ उजाडले. आमच्याकडच्या वणी किंवा घुग्घुस या कोळसा खाणींच्या भागातल्या वाचकांना हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको.

कोळशाचा कंटाळा आलेल्यांसाठीही तेथे पुष्कळ आहे. म्युलहाइमच्या पाण्याच्या जुन्या टाकीत पाण्याचे संग्रहालय आहे. डुइसबुर्गला पोहण्याच्या जुन्या इमारतीत नदीतील जहाजवाहतुकीचे संग्रहालय असून तलावाच्या जागी खरे जहाज उभे आहे. ओबरहाउझेनमधील ११७ मीटर उंचीच्या वायूच्या टाकीत १९९४ पासून प्रदर्शने भरतात. रेक्लिंगहाउझेनला १९५६ पासून ख्रिस्ती धर्मचित्रांचे नावाजलेले संग्रहालय आहे. त्याच गावची एक गोष्ट नाट्यवेड्या मराठी माणसाला आवडेल. १९४६-४७ च्या कडाक्याच्या थंडीत हॅम्बुर्गची नाटक मंडळी थिएटर गरम ठेवायला कोळसा मागत एका खाणीपाशी आली. तेथील कामगारांनी नियम बाजूला ठेवून त्यांच्या गाड्या भरून दिल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या मंडळींनी येऊन कामगारांसाठी प्रयोग केले. त्यातून सुरू झालेला नाट्यमहोत्सव आजही दरवर्षी भरतो.

आता उणिवांबद्दल. लहान संग्रहालयांतील पाट्या बहुतेक जर्मनमध्येच आहेत, त्यामुळे भाषा येणारे कोणी बरोबर असेल तर अर्धे काम होते. विटेनच्या नाखटिगाल खाणीत हेल्मेट घालून वाकून जावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी आधी विचार करावा. दिवसाला दोनच ठिकाणे ठरवावीत. मी पहिल्या दिवशी तीन गाठण्याच्या नादात तिसरे धड पाहिलेच नाही.

नागपूरजवळ सावनेरला २०१६ मध्ये भूमिगत खाण पर्यटकांना दाखवण्यास सुरुवात झाली, तेव्हा आपल्याकडे या विषयात कोणाला रस नाही असे म्हणता येणार नाही. म्हणून एक विनंती आहे. पुढील पुरवणीत चौकटीत एवढा मजकूर द्यावा: कोलोनहून एसेनला आगगाडीने सुमारे तासाभराचे अंतर, एसेनहून त्सॉलफेराइनला १०७ क्रमांकाची ट्राम, बोखुम स्टेशनवरून यू-३५ ही भुयारी गाडी संग्रहालयाच्या दाराशी सोडते, आणि बोखुमचे संग्रहालय व त्सॉलर्न सोमवारी बंद असतात. ही शेवटची गोष्ट अवश्य छापावी, कारण मी बोखुमला पहिल्यांदा गेलो तो सोमवारच होता.

आपला नम्र,
एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर