माप घेण्याआधी

पंचवटी, नाशिक

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू ती गंमत सांगितलीस, तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी नुसतं 'हं' म्हटलं. तुला ते हसल्यासारखं वाटलं असेल, तर तसं नव्हतं. तुझ्या मित्राने डोळ्यांवर हेडसेट घालून त्या आभासी जगात एका मुलीच्या अवताराच्या, म्हणजे तिथल्या तिच्या चित्राच्या, छातीला हात लावला, ती मागे सरकली तसा हा पुढे सरकला, सगळे हसले आणि ती निघून गेली. "मीपण हसलो," असं तूच म्हणालास. लपवलं नाहीस, तेवढं एक बरं वाटलं.

तुझं म्हणणं, तिथे हात लागतच नाही, नुसतं चित्र असतं. दिवाळीत ते यंत्र तू मलाही घातलं होतंस, आठव. निळ्या केसांचा एक उंच बाप्या बोलत बोलत इतका जवळ आला की त्याचं तोंड माझ्या नाकाला भिडलं. मी मागे गेले ती थेट शिलाई मशीनवर आदळले. कोपर आठवडाभर काळंनिळं होतं. तू पोट धरून हसत होतास, "आई, हवा आहे ती!" हवाच होती रे. पण मागे जायचं मी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप गेले. आणि त्या माणसाने तर मला हातही लावला नव्हता.

रविवारनंतर रात्री मोबाईलवर वाचत बसले. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका बाईने स्वतःचा अनुभव लिहिलाय. धनुष्यबाणाचा खेळ, त्यात सगळ्यांचे अवतार सारखेच, शिरस्त्राण आणि तरंगणारे हात. बाई की पुरुष ते फक्त आवाजावरून कळायचं. हिचा आवाज ऐकला आणि एकजण हिच्या छातीच्या जागी हात नेऊ लागला. थांब म्हटलं तरी पाठलाग. म्हणजे बघ, धरायला तिथे अंगच नव्हतं. तरी आपण काय धरतोय हे त्याला बरोबर कळत होतं, आणि तिलाही.

पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने आपल्या होरायझन वर्ल्ड्स या आभासी जगात दोन अवतारांमध्ये साधारण 4 फुटांचं अंतर घातलं. माझा टेप 60 इंची, त्यातले 48 इंच. ताणून बघितले घरात. हात लांब केला तर टाळी देता येते, पण अंगाशी येता येत नाही. सोय चांगली आहे. मात्र सगळं यंत्रानेच अडवायचं ठरलं, तर विचारायची सवय तुम्हाला लागायची कधी?

माझा धंदाच दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा आहे. नवीन बाई आली की टेप गळ्यातच राहतो. आधी सांगते, "ताई, आता छातीचं घेते हं." तिने हात वर केले की मग पाठीमागून टेप फिरवायचा. काहीजणी हात वर करत नाहीत. नको असंही म्हणत नाहीत, नुसतं हसतात आणि खांदे आखडतात. मग मी टेप गुंडाळते आणि म्हणते, अंगात नीट बसणारा जुना ब्लाउज आणून द्या, त्यावरून शिवते. ते खांदे वाचायला मला पाच-सहा वर्षं लागली. तुमच्या त्या खोलीत खांदे दिसतात का? अवताराचं तोंड तर सदा हसरं. तिथे तर तोंडाने विचारण्यावाचून दुसरा रस्ताच नाही.

एक कोर्टाची गोष्ट आठवली. जानेवारी 2021 मध्ये आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एका 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं, की हात कपड्यावरून लागला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पोक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली तो लैंगिक हल्ला होत नाही. दुकानात त्या दिवशी आम्ही सगळ्या कातऱ्या खाली ठेवून बसलो होतो. आयुष्य कापडात गेलेलं; मध्ये कापड आहे म्हणून हात लागला नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं? नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. मोजायचा तो हेतू, असं सांगितलं. त्या पोरीचं भोगणं आणि तुझ्या खेळातलं एक नव्हे, तेवढं मला कळतं. पण 'लागलं कुठे?' हा प्रश्न दोन्हीकडे एकाच तोंडाचा आहे.

"तिने हेडसेट काढायचा ना," असंही म्हणालास. मीही बसमधून उतरायचं ना? उतरले होते. लग्नाआधी नाशिकरोडहून सीबीएसला येताना, भर गर्दीत, गांधीनगरला उतरले आणि पुढच्या बससाठी चाळीस मिनिटं थांबले. त्रास देणारा तो मात्र बसून गेला असणार, माझी जागा रिकामी झाली होती ना. तुझ्या बाबांनाही हे कधी सांगितलेलं नाही.

आणि तिथे सगळे मस्तीलाच येतात म्हणशील, तर तिवंधा चौकातली रंगपंचमीची रहाड आठव, रंगाच्या पाण्याने भरलेला तो हौद. त्यात धप्पा मारायला, म्हणजे उडी घ्यायला, जो येतो तो स्वतःच्या पायाने येतो. त्याच तिवंधा चौकातून दूध घेऊन चाललेल्या बाईला कुणी उचलून आत टाकलं, तर तू हसशील?

माफी मागायला त्या मुलीच्या मागे जाऊ नकोस. ती गेली, तिला जाऊ दे. मित्राशी मात्र बोल, चारचौघांत नको, एकटा असताना. पुढच्या वेळी तो पुढे सरकला तर तू मध्ये उभा राहा. अवताराने उभा राहिलास तरी चालेल.

तुझ्या सदऱ्याचं कापड आणून ठेवलंय. माप जुनं आहे, दिवाळीत खांदे भरल्यासारखे वाटले. येशील तेव्हा घेईन. आता मोठा झालास, नको वाटलं तर तसं सांग, जुन्या शर्टावरून शिवते.

तुझी,
आई