काढा देण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पुरवण्यांमधून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे लेख येऊ लागतात. आमच्या घरात दोन वर्षं उलटाच खटाटोप चालला आहे. मुलाची प्रतिकारशक्ती आम्ही गोळ्या देऊन दाबून ठेवतो. त्याला मी माझी किडनी दिली आहे. आईची असली तरी त्याच्या शरीराच्या लेखी ती परकीच. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणून ते अशा औषधांविना टिकलं. बाकीच्यांना किडनी आहे तोवर गोळ्या आल्याच.

सकाळी आठ, रात्री आठ. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, सोबत थोडं स्टिरॉइड. रक्तातली पातळी तपासायची असते त्या दिवशी रक्त देईपर्यंत सकाळची टॅक्रोलिमस घ्यायची नाही. ती मी रुमालाच्या गाठीत बांधून लॅबपर्यंत नेते. पातळी उतरली तर शरीर किडनीवर उलटतं, चढली तर औषधच किडनीला इजा करतं. बोटं थरथरून त्याला शर्टाचं बटण लागेनासं झालं की पातळी चढली की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा येतो.

गेल्या श्रावणात एका नातलग बाईंनी मायेनं गुळवेलीचा काढा आणला. नको म्हटलं तर दुखावल्या. “झाडपाला आहे, अपाय कसला?” अहो, प्रतिकारशक्ती चेतावी म्हणूनच ना तो घेतात? ती चेतली तर माझी किडनी जाईल. गणपतीत बाजारात येणारं पपनसही आमच्याकडे बंद, कारण त्यानं टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते. खोकल्यावर केमिस्टनं परस्पर दिलेली क्लॅरिथ्रोमायसिनही पातळी चढवते. क्षयावरची रिफाम्पिसिन ती पाडते, आणि अशा रुग्णाला क्षयाचा धोका मुळातच जास्त. म्हणून लोकलच्या गर्दीत तो मास्क काढत नाही.

माझी एवढीच कळकळीची विनंती आहे. काढ्याची कृती छापाल तेव्हा तिच्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ द्या: अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी, तसंच आमवात, ल्युपस अशा आजारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

– एक आई, लालबाग, मुंबई