मजकूर आपला, किल्ली फॉन्टवाल्याची

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फोंड्यात मी सव्वीस वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर टाईप करून छपाईसाठी पाने मांडण्याचे, काम करतो. जत्रेची हस्तपत्रके, देवस्थानांचे अहवाल, उत्सवी नाटकांच्या संहिता, सगळे मराठीत. गेल्या महिन्यात एक बाई सीडी घेऊन आल्या. त्यांच्या दिवंगत वडिलांचे तीन अंकी नाटक मीच २००३ साली टाईप केले होते. यंदा गावातल्या मुलांना ते जत्रेला पुन्हा बसवायचे आहे. फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे. हस्तलिखित तर वाळवीने कधीच खाल्लेले. बाई नुसत्या बघत राहिल्या.

त्या काळी फॉन्टवाले, म्हणजे संगणकावरची अक्षरवळणे विकणाऱ्या कंपन्या, इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चे फक्त चित्र बसवत. साठायचे ते इंग्रजी अक्षरच, आणि जागाही प्रत्येक कंपनीची निराळी. माझ्याकडच्या फॉन्टचे डोंगल (संगणकाला जोडायची किल्ली, जिच्याशिवाय तो फॉन्ट चालत नसे) बिघडले आणि मजकूर कुलपात गेला. युनिकोड ही प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठराविक क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात 'क'चा क्रमांक जगभर एकच, २३२५. फॉन्ट कुठलाही लावा, 'क' तो 'क'च राहतो. युनिकोड १९९१ पासून आहे. पण पाने मांडण्याच्या आमच्या पेजमेकर सॉफ्टवेअरला ते कळत नव्हते आणि छापखान्याला मजकूर सकाळी हवा असायचा. पोटासाठी जुना फॉन्ट वापरला, त्याची मला लाज वाटत नाही.

आज मात्र ती अडचण उरलेली नाही. तरी माझे समव्यावसायिक म्हणतात, "गिऱ्हाइकाला कागद हवा, युनिकोडचे त्याला काय?" आज नसेल, पण वीस वर्षांनी त्याच्या मुलीला असते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

वेबसाईटवरही तेच. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ किंवा मजकुराचा फोटो चढवला की काम झाले. मग त्यात गावाचे नाव शोधून सापडत नाही, आणि अंधांना मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर गप्प बसते किंवा भलतेच वाचते. केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड २००९ सालीच ठरवले आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला शासकीय व्यवहारात जागा दिली. तेव्हा सरकारी खात्यांनी आणि देवस्थान समित्यांनी काम देतानाच 'मजकूर युनिकोडमध्ये हवा' अशी अट घालावी, ही माझी कळकळीची विनंती. आमचा धंदा त्याने बुडत नाही. मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला छपाईच्या फाईलबरोबर युनिकोडची प्रत देतो, जादा पैसे न घेता.

नाटकाचे पहिले दोन अंक एका नटाच्या जुन्या झेरॉक्सवरून पुन्हा टाईप झाले आहेत. तिसरा अंक कोणाकडे असल्यास दुकानात आणून द्यावा.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, फोंडा