सामोअन विद्यार्थी आणि चर्चमधील अभ्यासिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाविषयी आपल्याकडे जे छापून येते, ते बहुधा शुल्क, व्हिसा आणि पुढची नोकरी यांपाशीच थांबते. स्थलांतरितांची मुले परक्या देशात प्रत्यक्ष शिकतात कशी आणि त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते, याचा विचार करताना न्यूझीलंडमधील सामोअन समाजाची, म्हणजे पॅसिफिक महासागरातील सामोआ या बेटांच्या देशातून आलेल्या लोकांची, दखल घेतली पाहिजे, असे मला वाटते. मुलीकडे ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात राहण्याचा योग आला, तेव्हा हा समाज मला शेजारी म्हणून पाहता आला.

सामोआ 1914 पासून 1962 पर्यंत न्यूझीलंडच्या ताब्यात होता. न्यूझीलंडमधील कारखान्यांना माणसे कमी पडू लागली तेव्हा सामोअन कामगारांचे स्वागत झाले आणि 1970च्या दशकात मंदी येताच व्हिसाची मुदत संपलेल्यांच्या शोधात त्यांच्याच घरांवर पहाटे पोलिसांचे छापे पडू लागले. या छाप्यांबद्दल तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी 1 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर माफी मागितली आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या समाजांसाठी 21 लाख न्यूझीलंड डॉलरच्या शिष्यवृत्त्याही घोषित केल्या. हे योग्यच झाले. मात्र हा समाज सरकारची वाट पाहत बसला नव्हता. छाप्यांच्या त्याच काळात, 1976 मध्ये, दक्षिण ऑकलंडमधील ओटारा येथील शाळेतून विद्यार्थ्यांचा पॉलिफेस्ट हा नृत्यमहोत्सव सुरू झाला आणि 1980च्या दशकात ‘आओंगा आमाता’ या सामोअन भाषेतील बालवाड्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी कित्येक चर्चच्याच आवारात.

मी पाहिलेली अभ्यासिकाही अशाच एका चर्चच्या हॉलमध्ये भरत असे. रविवारच्या प्रार्थनेच्या खुर्च्या भिंतीशी रचून घडीची टेबले मांडली जात, विद्यापीठात शिकणारी मुले-मुली शाळकरी मुलांना गणित आणि इंग्रजी निबंध शिकवीत, आणि स्वयंपाकघरात दोघी-तिघी बायका नारळाच्या दुधात भाजलेले पाव तयार ठेवीत. त्यांतल्या एक बाई रात्री कार्यालयांच्या साफसफाईच्या पाळीला जाणाऱ्या होत्या. नुकत्याच सामोआहून आलेल्या मुलांसाठी, ज्यांचे आईवडील न्यूझीलंडने सामोअन लोकांसाठी ठेवलेल्या दरवर्षीच्या राखीव कोट्यातून सोडतीने आणि नोकरीच्या हमीवर आलेले असतात, वर्गात बोलण्याचे धाडस येण्याआधीची ही पहिली जागा असते. आपल्या गावोगावच्या अभ्यासिकांत शांतता पाळली जाते; येथे मात्र गलका असतो, आणि तो कोणाला खटकत नाही.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. लग्न, अंत्यविधी, चर्चची वर्गणी आणि सामोआतील नातलगांना पाठवायचे पैसे हा भार कुटुंबातील प्रत्येकावर असतो, त्यातून विद्यार्थीही सुटत नाहीत. 2020च्या टाळेबंदीत घरातल्यांचे काम गेले, तेव्हा दक्षिण ऑकलंडमधील वरच्या वर्गांतील अनेक मुलांनी सुपरमार्केटमध्ये आणि गोदामांत कामे धरली, आणि त्यांतील काही शाळेत परतलीच नाहीत. म्हणून समाजाच्या एकजुटीचे कौतुक करताना शाळांची आणि सरकारची जबाबदारी हलकी होता कामा नये, कारण चर्चचा हॉल गणित शिकवू शकतो, घरभाडे भरू शकत नाही.

याच भागातील शाळांमध्ये मराठी कुटुंबांची मुलेही शिकतात आणि आपली मंडळे गणेशोत्सव, दिवाळी उत्साहाने साजरी करतात. त्याच सभागृहांत आठवड्यातून एक संध्याकाळ शाळकरी मुलांसाठी आणि शिक्षणासाठी एकट्याने आलेल्या तरुणांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. या कामी शेजारच्या सामोअन चर्चचा सल्ला घेतला, तर तो आनंदाने मिळेल, असा माझा अनुभव आहे. आपण पुरवणीत परदेशस्थ मंडळांच्या बातम्या देता, तेव्हा अशी सोय कोठे आहे आणि ती कोण चालवते, याचीही माहिती द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा