बदकांना पाव नको, मूठभर सालीसकट भात घाला

महोदय,

फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर तळीच्या वरच्या अंगाला माझे लहानसे किराणा दुकान आहे. संध्याकाळी पोदेराची (पाववाल्याची) सायकल येऊन गेली की मुले दारात हजर. "काकी, दोन पाव दी, बदकांक घालपाक." 22 वर्षे मी ते पाव आनंदाने दिले. गेल्या मे महिन्यापासून देत नाही. का देत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या मार्चमध्ये शेजारणीने कोंबडीखाली उबवून काढलेली सात पिल्ले तळीत सोडली. त्यातले एक मुलांचे फार लाडके. चिऱ्याच्या पायऱ्या चढून वर यायचे आणि हातातला पाव घ्यायचे. दीड महिन्याचे झाले तेव्हा त्याच्या डाव्या पंखाचे टोक अंगालगत न बसता बाहेर वळलेले दिसले, वाऱ्याने छत्रीची काडी उलटी व्हावी तसे. कुत्र्याने धरले असेल म्हणून मी त्याला उचलून पाहिले. जखम कुठेच नव्हती. नव्या पिसांच्या निळसर नळ्या तेवढ्या रक्ताने टरारलेल्या होत्या आणि सांधाच फिरला होता.

गुरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "याला खायला काय घालता?" हाच. वाढीच्या वयात पावासारखे नुसते पोट भरणारे खाणे मिळाले की अंग झपाट्याने वाढते, पिसे जड होतात आणि कोवळ्या सांध्याला तो भार पेलत नाही, असे त्यांनी समजावले. सुरुवातीलाच पंख दुमडून काही दिवस पट्टीने बांधला असता तर सरळ होण्याची आशा होती. आम्हाला उशीर झाला. ते बदक आजही तळीत आहे, पोहते, खाते. पंख मात्र तसाच. ते पाव माझ्याच दुकानातले होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्याच महिन्यात तळीचे पाणीही बिघडले. उन्हाळ्यात झर आटत आली की आमच्याकडे पाणी जवळजवळ थांबते. बदकांनी न खाल्लेला पाव तळाशी जाऊन कुजतो, शेवाळ माजते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना मी पाहिले आहेत. रात्री पायऱ्यांवर उंदीर येऊ लागले, ते वेगळेच. बुरशी आलेला पाव तर बदकांच्या फुप्फुसांना घातकच. घरातला शिळा उंडा (गोल पाव) "वाया कशाला घालवायचा" म्हणून तळीत टाकणाऱ्या आयाबहिणींनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता दुकानात मी बरणीत सालीसकट भात ठेवते. मुलांना त्याची पुडी करून देते, पैसे घेत नाही. भात नसला तर तांदळाची कणी चालते. कच्च्या तांदळाने पक्ष्याचे पोट फुटते असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. भरडलेला मका, सोललेला ओला वाटाणा, बारीक चिरलेली तांबडी भाजी बदके आवडीने खातात. चिप्स, फरसाण, बिस्किटे अजिबात नकोत. दाणे मूठभरच घालावेत, तेही थोडे थोडे, काठच्या उथळ पाण्यात. बदके बाजूला झाली की आपणही हात आवरावा. माणूस दिसताच ती धावत येतात ती सवयीने, भुकेनेच येतात असे नाही. गोगलगायी, डासांच्या अळ्या, पाणवनस्पती असा त्यांचा स्वयंपाक तळीत तयार असतो. मुलांनी घरी जाऊन साबणाने हात धुवावेत, एवढे आईवडिलांनी बघावे.

हे सगळे पाळीव बदकांचे झाले. करमळीच्या तळ्यावर किंवा कुडचड्याच्या नंदा तळ्यावर (2022 मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेले गोव्यातले पहिले पाणथळ) जी अडई, हळदी-कुंकू ही रानबदके आणि थंडीतले पाहुणे दिसतात, त्यांना काहीच घालू नये. त्यांना लांबूनच बघावे. नातवाला घेऊन मी करमळीला गेले होते. अडईची शीळ ऐकून तो अर्धा तास जागचा हलला नाही. खिशातली पुडी त्याने उघडलीसुद्धा नाही.

आमच्या तळीवर संध्याकाळी म्हातारी माणसे येऊन बसतात, मुले बदके मोजतात, बोलणीचालणी होतात. हे असेच राहावे असे मला फार वाटते. पंचायतीकडे दोन मागण्या आहेत. काय घालावे नि काय घालू नये याचा मराठीत आणि कोंकणीत मोठ्या अक्षरांतला एक फलक पायऱ्यांजवळ लावावा. दुसरी मागणी गळ टाकणाऱ्यांसाठी : तुटलेली तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) टाकायला तिथेच एक झाकणाचा डबा ठेवावा. परवाच एका बदकाच्या पायाला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा मी कात्रीने कापून काढला. कातडीत रुतला होता. फलकाला आणि डब्याला वेळ लागणार असेल तर डबा मी माझ्या खर्चाने आणते, पंचायतीने फक्त परवानगी द्यावी.

आपली,
तळीकाठची एक दुकानदार, फोंडा